पटरची पारख

उन्हाळा तोंडावर आला म्हणजे रायपूरच्या बाजारांत माठांच्या राशी लागतात. माठ घ्यावयास आलेली गृहिणी आधी त्याचा रंग पाहते, मग घाट पाहते आणि सरतेशेवटी बोट वाकवून त्यावर एक टिचकी मारते व कान देते. खणखणीत नाद उमटला तर माठ पक्का भाजलेला आहे असे ती समजते. बद्द आवाज आला तर कोठे तरी चीर आहे हे जाणून ती तो बाजूस सारते. जुने सराफ चांदीचा रुपया असाच दगडावर वाजवून घेत. तंबोऱ्याची जवारी, सुताराचा रंधा, कुऱ्हाडीचा दांडा या साऱ्यांची पारख अखेर हात आणि कानच करतात. डोळ्यांना जे दिसत नाही ते त्यांना कळते. मात्र जे कळले ते शब्दांत सांगणे कठीण असते. गोल्फच्या खेळात चेंडू अखेर खळग्यात घालण्यासाठी जी काठी वापरतात, तिला पटर म्हणतात. या पटरची निवड हाही याच जुन्या विद्येतला एक पाठ आहे.

रायपूरला हा पाठ अलीकडेच गिरवावा लागत आहे. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य अस्तित्वात आले, रायपूर त्याची राजधानी झाले आणि पुढे जुन्या शहरापासून सुमारे वीस किलोमीटरांवर नवा रायपूर ही नगरी वसू लागली. भोसल्यांच्या अमदानीपासून या प्रांतात मराठी कुटुंबे नांदत आली आहेत. येथील लोकांना काठी आणि चेंडू यांचे नाते नवे नाही. शेजारचे राजनांदगाव तर हॉकीसाठीच प्रसिद्ध आहे. गोल्फ मात्र येथे उशिरा आला. आता नव्या रायपुरात गोल्फचे प्रशस्त मैदान झाले असून व्यावसायिक खेळाडूंच्या स्पर्धाही तेथे भरू लागल्या आहेत. साहजिकच डॉक्टर, व्यापारी, अधिकारी, त्यांची मुले आणि मैदानावर कॅडीचे काम करणारे तरुण असे निरनिराळ्या थरांतले लोक हा खेळ जवळून पाहू लागले आहेत. नव्या खेळाबरोबर नवी खरेदी येते आणि खरेदीबरोबर फसगतीचा संभवही येतो.

हा खेळ साहेबांचा, ही समजूत आता जुनी झाली. हिंदुस्थानात तो साहेबांबरोबर आला हे खरे. कलकत्त्याचा रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब १८२९ साली स्थापन झाला आणि पुढे लष्करी छावण्यांतून हा खेळ देशभर पसरला. परंतु त्या छावण्यांच्या मैदानांवर दुसऱ्याच्या काठ्यांची थैली वाहता वाहता जी मुले खेळ शिकली, त्यांनीच पुढे मोठे नाव कमावले. महूचे मुकेश कुमार यांनी २०१६ साली दिल्लीत पॅनासॉनिक ओपन ही स्पर्धा वयाच्या ५१व्या वर्षी जिंकली. रॉयल कलकत्ता क्लबाच्या मैदानाची निगा राखणाऱ्या एका कामगाराचे चिरंजीव शिवशंकर प्रसाद चौरासिया यांनी इंडियन ओपन २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षे जिंकली. चेंडूला जवळून हलकेच मार्गी लावण्यात त्यांचा हात इतका बसलेला की, मित्रमंडळींनी त्यांच्या आडनावाशी खेळून त्यांना ‘चिपुटसिया’ म्हणावयास आरंभ केला. पुण्याचे उदयन माने २०२१ साली टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये भारतातर्फे खेळले. अंगात बळ किती यापेक्षा हातात जाण किती, याला या खेळात अधिक मोल आहे, ही गोष्ट अशा नावांवरून ध्यानात येते.

या जाणिवेचा कस लागतो तो ग्रीनवर. खळग्याभोवतीच्या, बारीक कापलेल्या हिरवळीला ग्रीन म्हणतात. पूर्ण मैदानात असे अठरा खळगे असतात आणि चांगल्या खेळाडूने सर्व मिळून साधारणतः बहात्तर टोल्यांत ते पुरे करावेत, अशी अपेक्षा असते. त्यांपैकी प्रत्येक ग्रीनवर दोन, म्हणजे एकंदर छत्तीस टोले पटरचे धरलेले असतात. थैलीत नियमाप्रमाणे अधिकात अधिक चौदा काठ्या ठेवता येतात. पण हिशेबातले निम्मे टोले एकट्या पटरच्या वाट्याला येतात. खळग्याचा व्यास १०८ मिलिमीटर, म्हणजे सव्वाचार इंच. चेंडूचा व्यास ४२.६७ मिलिमीटर. एकूण अडीच चेंडू मावतील एवढीच ती वाट. टोकियोच्या त्याच ऑलिंपिकमध्ये महिलांच्या स्पर्धेत अदिती अशोक चौथ्या आल्या. अवघ्या एका टोल्याने त्यांचे पदक हुकले. लांब टोला मारण्यात त्या इतरांच्या मागे होत्या. त्यांना पदकाच्या उंबरठ्यापर्यंत नेले ते त्यांच्या पटरने. एका टोल्याची किंमत काय असते, हे सांगण्यास यापेक्षा वेगळे उदाहरण नको.

मग हा पटर निवडावा कसा? दुकानात विचारले तर उत्तर मिळते, ‘जो हाताला बरा वाटेल तो घ्या.’ हे उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. हाताला बरे वाटणे म्हणजे नेमके काय, याचा विचार केल्याखेरीज त्याचा उपयोग होत नाही.

पटरचे मुख चेंडूला टेकते आणि चेंडू त्यापासून सुटतो, या दोन क्षणांमधला अवधी एका सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो. उलटपक्षी, हाताच्या त्वचेवर झालेल्या आघाताची वर्दी मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूपर्यंत पोहोचावयास सेकंदाचा सुमारे पन्नासावा भाग लागतो. कानाला ऐकू येणारा आवाजही चेंडू सुटल्यानंतरच कानाशी येतो. याचा अर्थ असा की, हाताला ‘लागले’ असे जेव्हा कळते तेव्हा चेंडू केव्हाच निघून गेलेला असतो. त्या टोल्यात सुधारणा करणे कोणालाही शक्य नाही. ज्याला खेळाडू स्पर्शाची जाण म्हणतो, ती घडून गेलेल्या गोष्टीची बातमी होय. तिचा उपयोग झालेल्या टोल्याला नाही, पुढच्या टोल्याला आहे.

एवढे ध्यानात घेतले म्हणजे निवडीचा प्रश्न पालटतो. कोणता पटर गोड वाटतो, हे विचारण्याऐवजी कोणता पटर खरी बातमी देतो आणि ती आपल्याला समजेल अशा भाषेत देतो, हे विचारावे लागते. चेंडू मुखाच्या मध्यावर लागला की टाचेकडे, टोला कमी पडला की जास्त झाला, हे ज्याच्या हाताला न पाहता कळते, त्याला दर टोल्यागणिक एक धडा मिळतो. ज्याला ते कळत नाही, तो शंभर टोले मारूनही पहिल्याच इयत्तेत राहतो.

आता ही बातमी तयार कशी होते ते पाहू. तिचा मोठा भाग नादाचा असतो, ही गोष्ट प्रथमदर्शनी आश्चर्याची वाटते. खेळाडू ज्याला ‘मऊ’ किंवा ‘कठीण’ स्पर्श म्हणतो, त्यात हाताइतकाच, कधीकधी हाताहून अधिक, कानाचा वाटा असतो. कानांत बोळे घालून चेंडू मारून पाहावा. नेहमीचा पटरही परका वाटू लागतो. खालच्या पट्टीतला, लवकर विरणारा आवाज मऊ भासतो. वरच्या पट्टीतला, रेंगाळणारा आवाज कठीण भासतो.

या बाबतीत कार्स्टन सोल्हाइम यांची हकिगत उद्बोधक आहे. नॉर्वेत जन्मलेले आणि लहानपणीच अमेरिकेत गेलेले हे गृहस्थ जनरल इलेक्ट्रिक कंपनीत अभियंता होते. चाळिशी उलटल्यावर ते गोल्फ शिकले आणि ग्रीनवर आपला हात चालत नाही हे पाहून त्यांनी १९५९ साली घरच्या गॅरेजमध्ये स्वतःच एक पटर घडवला. चेंडूला लागताच त्यातून ‘पिंग’ असा खणखणीत नाद निघे. त्यावरूनच पुढे त्यांच्या पटरांना आणि कारखान्याला पिंग हे नाव मिळाले. १९६६ साली त्यांनी केलेला ‘ॲन्सर’ नावाचा पटर तर इतका गाजला की, आज दुकानात मांडलेल्या पटरांपैकी कितीतरी त्याचीच नक्कल असतात. त्याचे पहिले रेखाटन त्यांनी एका ग्रामोफोन तबकडीच्या वेष्टनावर केले होते.

पुढे चव पालटली. धातूच्या मुखात रबरासारख्या कृत्रिम द्रव्याची चकती बसवण्याची प्रथा गेल्या शतकाच्या अखेरीस रूढ झाली आणि तो खणखणाट मालवला. काही कारागीर पोलादाच्या अखंड तुकड्यातून यंत्राने पटर कोरून काढतात आणि मुखावर बारीक खाचा ठेवतात. खाचा खोल असल्या की चेंडूला धातूचा स्पर्श कमी होतो व आवाज खाली उतरतो. उथळ असल्या की तो वर चढतो. तांब्याचे किंवा साध्या कार्बनी पोलादाचे मुख पुष्कळांना मऊ वाटते. मात्र येथे एक सूचना आवश्यक आहे. आवाज चेंडूचाही असतो. कठीण कवचाचा स्वस्त चेंडू आणि मऊ कवचाचा महाग चेंडू एकाच पटरवर निरनिराळे बोलतात. म्हणून पटर बदलण्याआधी चेंडू बदलून पाहावा. पुष्कळदा तेवढ्याने भागते आणि खर्चही वाचतो.

बातमीचा दुसरा भाग वजनाच्या मांडणीचा. पटरच्या डोक्याचे दोन मुख्य घाट आहेत. एक पातीसारखा अरुंद. दुसरा मागे फुगीर व रुंद, त्याला इंग्रजीत मॅलेट म्हणतात, म्हणजे आपली मोगरी. पातीत वजन मध्याजवळ गोळा झालेले असते. चेंडू मध्यापासून किंचित ढळून लागला की पाती हातात वळते, चेंडू वाट सोडतो आणि कमीही पडतो. मोगरीत वजन कडांकडे दूर नेलेले असते. दोरीवर चालणारा डोंबारी हातात लांब काठी आडवी धरतो. तिची टोके दूर असल्यामुळे ती सहजी फिरत नाही आणि त्याचा तोल सावरते. टाच आणि चवडा यांच्याकडे वजन नेलेला पटर याच न्यायाने वळण्यास नाखूष असतो. सोल्हाइम यांच्या पटरचे रहस्य नादापेक्षाही यात होते; त्यांनी पातीच्या अंगात मोगरीचा गुण आणला.

ही कल्पना त्यांच्याही आधीची होती. अमेरिकेतील स्केनेक्टडी गावच्या आर्थर नाइट यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ॲल्युमिनियमचा, मध्यावर दांडा जोडलेला मोगरीवजा पटर तयार केला. योगायोग असा की तेही जनरल इलेक्ट्रिकमध्येच अभियंता होते. तो पटर घेऊन वॉल्टर ट्रॅव्हिस या अमेरिकन खेळाडूने १९०४ साली ब्रिटिश हौशी खेळाडूंची अजिंक्यपद स्पर्धा जिंकली. पुढे १९१० साली सेंट अँड्र्यूजच्या नियमकर्त्यांनी अशा पटरवर बंदी घातली आणि ती उठावयास सुमारे चाळीस वर्षे लागली. उलट, बॉबी जोन्स यांनी १९३० साली एकाच वर्षात चार अजिंक्यपदे मिळवली ती ‘कॅलॅमिटी जेन’ या नावाच्या साध्या पातीच्या पटरने. तात्पर्य, अमुक घाट श्रेष्ठ आणि तमुक कनिष्ठ असा निवाडा इतिहासानेही दिलेला नाही.

तोलाची एक सोपी परीक्षा आहे. पटरचा दांडा आडवा करून एका बोटावर तोलावा. मुख आकाशाकडे पाहत स्थिर राहिले तर तो एक प्रकार. चवडा खाली झुकला तर दुसरा. ज्याचा हात घड्याळाच्या लंबकासारखा सरळ मागेपुढे जातो, त्याला बहुधा पहिला मानवतो. ज्याचा हात दारासारखा किंचित कमानीत फिरतो, त्याला बहुधा दुसरा. हा नियम नव्हे, ही केवळ वाट आहे. पण नवशिक्याने शोध सुरू करण्यास ती पुरेशी आहे.

लांबीकडे लोक सर्वांत कमी लक्ष देतात आणि त्याचा त्रास सर्वांत अधिक होतो. दुकानात मिळणारे पटर बहुधा ३४ किंवा ३५ इंच लांबीचे असतात. मध्यम उंचीच्या माणसाला ते पुष्कळदा लांब पडतात. मग तो ताठ उभा राहतो, कोपरे बाहेर काढतो, त्याची नजर चेंडूच्या फार आत पडते आणि सरळ रेषा त्याला वाकडी दिसते. हात खांद्यांपासून सैल लोंबावेत, नजर चेंडूच्या बरोबर वर किंवा किंचित आत पडावी आणि पटरचा तळ जमिनीवर सपाट टेकावा, एवढी कसोटी लावावी. मुठीची जाडीही अशीच पाहावी. जाड मूठ मनगटांना गप्प बसवते, बारीक मूठ त्यांना मोकळीक देते. लांब पटरची मूठ छातीला टेकवून खेळण्याची जी पद्धत होती, ती १ जानेवारी २०१६पासून नियमबाह्य ठरली आहे. जुना लांब पटर स्वस्तात मिळाला म्हणून घेणाऱ्याने हे विसरू नये.

यानंतर गवताचा विचार. उष्ण प्रदेशातील ग्रीनवर बहुधा बर्म्युडा जातीचे संकरित गवत लावतात. हे नाव परके असले तरी गवत परके नाही; आपण जिला हरळी किंवा दूर्वा म्हणतो आणि गणपतीला वाहतो, तिच्याच कुळातले ते आहे. दूर्वेची पाती जशी एका अंगाला झुकतात तशी याचीही झुकतात. झुकावाच्या दिशेने चेंडू झरझर जातो, विरुद्ध गेला तर अडखळतो. रायपुरात जून ते सप्टेंबर पाऊस असतो. गवत भराभर वाढते, ओले राहते आणि ग्रीन मंद होते. हिवाळ्यात तेच कोरडे होऊन वेगवान होते. पूर्वी कोरड्या मुलखातील छावण्यांत गवत जगत नसे, म्हणून तेल मिसळलेल्या वाळूची सपाटी करीत आणि तिला ग्रीनऐवजी ब्राउन म्हणत. सारांश, जमीन बदलली की स्पर्शाचा अर्थ बदलतो.

येथे मुखाचा कल कामास येतो. चेंडू गवतात स्वतःच्या वजनाने किंचित रुतून बसलेला असतो. त्याला त्या खळीतून अलगद बाहेर काढण्यासाठी पटरचे मुख दोन ते चार अंश मागे कललेले ठेवतात. टोला बसताच चेंडू आधी घसरतो आणि मग लोळू लागतो. ज्या वेगाने तो घसरू लागला, त्याचा सुमारे पाच सप्तमांश वेग लोळण्याच्या आरंभी शिल्लक असतो. कल फार कमी असेल तर चेंडू गवतात दाबला जाऊन उसळतो. फार असेल तर हवेत उडी घेतो. दोन्ही प्रकारांत हाताने मोजलेले अंतर फुकट जाते. दाट, मंद ग्रीनवर थोडा अधिक कल उपयोगी पडतो. डोक्याचे वजन किती असावे, याविषयी मात्र जाणकारांत एकमत नाही. आजकाल ते साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास असते, पूर्वी बरेच हलके असे. मंद ग्रीनला जड डोके बरे की हलके, यावर दोन्ही बाजूंनी वाद चालतो. येथे स्वतःच्या हातालाच विचारणे भाग आहे.

आता मुख्य पेचाकडे यावयास हरकत नाही. मोगरी चूक पोटात घालते. चेंडू मध्यापासून ढळला तरी तो जवळजवळ तेवढाच जातो. त्यातच मुख मऊ चकतीचे असेल तर चुकलेला आणि बरोबर बसलेला टोला हाताला सारखाच लागतो. खेळणाऱ्याला बरे वाटते. परंतु आपण चुकतो आहोत हे त्याला कळत नाही. याउलट, कडक पातीचा पटर प्रत्येक चूक फटकळपणे सांगतो आणि तिची शिक्षाही लगेच वसूल करतो. नवशिका त्याने घाबरतो, हात आखडतो आणि खेळ सोडण्याच्या गोष्टी बोलू लागतो. कचेरीत दोन प्रकारचे अहवाल येतात. एक गोड भाषेत सर्व आलबेल असल्याचे सांगणारा; दुसरा इतका कठोर की वाचणाऱ्याला काम करण्याचा धीर उरू नये. दोहोंनीही काम बिघडते. नुकसान आवरणारी व्यवस्था आणि तरीही खरे सांगणारा अहवाल, अशी जोड जमली म्हणजे कारभार सुधारतो.

पटरच्या बाबतीत ही जोड साधते, कारण या दोन गुणांची उगमस्थाने वेगळी आहेत. क्षमा येते वजनाच्या मांडणीतून. बातमी येते मुखाच्या द्रव्यातून आणि नादातून. म्हणून चूक सोसणारे रुंद डोके आणि त्याला स्पष्ट बोलणारे धातूचे मुख, असा पटर घेता येतो. ज्याचा हात अजून बसलेला नाही आणि ज्याला आठवड्यातून एखादी सकाळच मिळते, त्याला ही निवड बहुधा हितावह ठरेल. उलट, ज्याचा टोला नेहमी मध्यावरच बसतो, त्याला डोक्याच्या क्षमेची फारशी गरज नाही. तो पाती खुशाल घेवो. ज्याला खणखणाटाने दचकावयास होते, त्याने मऊ मुख घ्यावे, परंतु मध्य आणि कड यांतला फरक त्यात ऐकू येतो की नाही, हे आधी पाहावे. मऊ असणे हा दोष नव्हे; मुके असणे हा दोष आहे.

हे पाहावे कसे, त्याची रीत सोपी आहे. दुकानातल्या गालिच्यावर ठरवू नये. गालिचा गुळगुळीत, सपाट आणि छोटा असतो, तेथे प्रत्येक पटर शहाणा दिसतो. शक्य असेल तर दोन-तीन पटर उसने घेऊन सरावाच्या ग्रीनवर जावे आणि आपण नेहमी वापरतो तेच चेंडू घ्यावेत. दहा, वीस आणि तीस फुटांवरून प्रत्येकी दहा टोले मारावेत. टोला मारताच मान वर न करता, चेंडू कमी पडला, जास्त गेला की बरोबर पोहोचला, आणि तो मध्यावर लागला की कडेला, हे मोठ्याने सांगावे. सोबत्याने ते लिहून घ्यावे आणि प्रत्यक्षाशी ताडून पाहावे. मुखावर खडूची किंचित भुकटी लावली म्हणजे चेंडू कोठे लागला त्याची खूण तेथेच उमटते. ज्या पटरच्या बाबतीत सांगितलेले आणि घडलेले अधिक वेळा जुळेल, तो आपल्या हाताची भाषा बोलतो असे समजावे. त्या दिवशी खळग्यात किती चेंडू पडले, ही गोष्ट दुय्यम मानावी. तो एका दिवसाचा योग असू शकतो. हीच परीक्षा पावसाळ्यात एकदा आणि हिवाळ्यात एकदा घेतली तर निर्णय अधिक पक्का होतो.

या परीक्षेत किमतीला गुण नाहीत, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. नव्या ठिकाणी नवा खेळ येतो तेव्हा सामानाचा दिमाख खेळाच्या पुढे धावतो. नामांकित विजेत्याच्या हातातला पटर पाहून तसाच मागवणारा मनुष्य खरे तर त्या विजेत्याचा हात विकत घेऊ पाहत असतो. आणि तो विक्रीला नसतो. विजेत्याची उंची, त्याच्या मनगटांची ढब, तो ज्या ग्रीनवर वाढला तिचा वेग, या सर्वांना तो पटर जुळलेला असतो. दुसऱ्याच्या पायाला बेतलेला जोडा कितीही उंची असला तरी चालताना चावतोच. उलटपक्षी, बदली झालेल्या एखाद्या अधिकाऱ्याने जाताना कॅडीला देऊन टाकलेला जुना पटर, त्याचा दांडा नीट कापून आणि मूठ बदलून, त्या पोराच्या हाती नव्यापेक्षा सरस ठरू शकतो. दांडा कापल्यावर डोके हलके वाटू लागते. तेव्हा तळाशी शिशाची पातळ पट्टी चिकटवून तोल पुन्हा जमवता येतो. एवढ्या दुरुस्तीला फारसा खर्च येत नाही.

ज्या पोराला स्वतःची चौदा काठ्यांची थैली परवडत नाही, त्याच्यासाठी तर या विद्येचे महत्त्व आणखी मोठे आहे. लांब टोल्याच्या काठ्यांना मोठे मैदान लागते, शुल्क लागते, वेळ लागतो. पटरला अंगणाएवढी सपाट जागा, एक चेंडू आणि कोवळी सकाळ पुरते. महूच्या किंवा कलकत्त्याच्या मैदानांवरून जी माणसे वर आली, तशी रायपूरच्या मैदानावरूनही येण्यास हरकत असू नये. त्यासाठी त्यांच्या हातात भारी पटर असावा, अशी अट नाही; खरे बोलणारा पटर असावा, एवढे पुरे. एकदा तो मिळाला की मग तो वारंवार बदलू नये. पटरची भाषा ओळखावयास हंगाम लागतो, आणि दर महिन्याला नवी भाषा शिकणाऱ्याला एकही धड बोलता येत नाही. वीस फुटांवरून मारलेला टोला दीड हात कमी पडला, हे मान वर करण्याआधीच ज्याला कळले, त्याचा पुढचा टोला एक वीतभरच कमी पडेल, आणि त्याच्या पुढचा कदाचित खळग्याच्या काठावरून आत घरंगळेल.